कारंजे किती उंच उडते?

काही वर्षांपूर्वी अकोल्याला विज्ञान शिक्षकांचे तीन दिवसांचे शिबिर होते. दिवस एप्रिलचे. द्रवाचा दाब हा विषय शिकवताना सुरुवात कशाने करावी, यावर चर्चा चालली होती. आम्ही म्हटले, "आपल्या गावच्या कारंज्यापासून करू. कोणाकोणाच्या गावात चौकात कारंजे आहे?"

मागच्या रांगेतून लगेच उत्तर आले, "आहे ना सर. कारंजा लाड!" सगळे हसले. हसणे ओसरल्यावर अकोट भागातल्या एका गुरुजींनी शांतपणे विचारले, "प्याले पानी नाई सर, अन् कारंजं कुठून आनता?"

आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आम्ही मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचे चित्र बरोबर नेले होते. ते दाखवले, दाबाचे सूत्र सांगितले आणि विषय पुढे नेला. पण प्रश्न मनात राहिला. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या चौकात परदेशी दगडाचे कारंजे उभे राहिले, त्याचा वऱ्हाडातल्या शाळेशी काय संबंध? नंतर जे वाचले आणि करून पाहिले, त्यातून आमच्यापुरते एक उत्तर मिळाले. ते येथे मांडत आहोत.

आधी एक प्रयोग

इतिहासाकडे वळण्यापूर्वी कारंजे उडते कसे, ते पाहू. यासाठी एक बादली, गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी (सुमारे पाच मीटर) आणि रिफिल काढलेल्या बॉलपेनचे पुढचे निमुळते टोक एवढे साहित्य पुरे.

पाण्याने भरलेली बादली जमिनीपासून दोन मीटर उंचीवर ठेवा. शाळेच्या जिन्याची वरची पायरी चालेल. नळीचे एक टोक बादलीत बुडवा, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून पाणी वाहते करा आणि हे टोक जमिनीजवळ, तोंड वर करून धरा. पाणी किती उंच उडेल, ते मुलांना आधी विचारा. बरीच मुले "दोन मीटर" म्हणतील. प्रत्यक्षात पाणी वीतभरही उडत नाही, नुसते उकळ्यासारखे वर येते.

आता त्याच टोकात बॉलपेनचे निमुळते टोक घट्ट बसवा. धार एकदम दीड मीटरच्या आसपास जाते. बादली तेवढ्याच उंचीवर आहे, नळीही तीच आहे. मग फरक कशाने पडला?

पाणी नळीतून वाहताना नळीच्या भिंतींशी घर्षण होते आणि उंचीमुळे मिळालेली ऊर्जा त्यात खर्च होते. प्रवाह जितका वेगवान, तितका हा खर्च फार झपाट्याने वाढतो. तोंड मोकळे असते तेव्हा नळीतून पाणी धावत सुटते आणि बहुतेक ऊर्जा वाटेतच संपते. तोंड लहान केले की नळीतला प्रवाह मंदावतो, वाटेतला खर्च घटतो आणि जवळजवळ सगळी उंची शेवटच्या टोकापर्यंत शाबूत राहते. ती तेथे वेगात बदलते. दोन मीटर उंचीचा पुरा उपयोग झाला, तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर असेल. उंची दहा मीटर असेल तर १४ मीटर. पण काहीही केले तरी धार बादलीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर जात नाही. कारंज्याला उसने बळ कुठूनही मिळत नाही. पाणी जेवढे वर साठवले, तेवढेच ते वर उडणार, आणि त्यातूनही वाटखर्च वजा होणार.

प्रयोगाचा तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. कारंजे चालू असतानाच टोकाजवळ नळीला गरम खिळ्याने बॉलपेनच्या छिद्राएवढी दोन भोके पाडा. त्यातूनही पाणी सुटेल आणि मूळ कारंजे दीड मीटरवरून पाऊण मीटरच्या आसपास खाली येईल. बादली तीच, पाणी तेवढेच. फक्त त्याच नळीवर आणखी दोन गिऱ्हाइके आली.

ही दोन भोके लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या इतिहासात ती आपल्याला भेटणार आहेत.

इंग्रजांच्या आधीची कारंजी

चौकातले कारंजे ही इंग्रजांची देणगी, असे आपण सहज म्हणतो. पण उंचावर पाणी साठवून नळाने शहरात आणण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वऱ्हाडच्या शेजारी, आज मध्य प्रदेशात असलेल्या बऱ्हाणपूरला, सतराव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातले पाणी कुंड्यांच्या मालिकेतून आणि भुयारी नळातून शहरात आणले गेले. औरंगाबादची नहर मलिक अंबरच्या काळातली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहराला पाणी आले. वाटेत उच्छ्वास ठेवले होते, हौद होते. शनिवारवाड्यातले कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे उडे, तेही पाण्याच्या उंचीच्याच बळावर.

मात्र वाड्यातले कारंजे वाड्यापुरते होते. येणारे-जाणारे सगळे पाहतील अशा चौकात, नगराचे म्हणून कारंजे उभारायचे ही कल्पना एकोणिसाव्या शतकात आली. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सगळ्या शहरभर दाबाने फिरणारे पाणी आणि दुसरी म्हणजे हौसेसाठी मोकळा पैसा. मुंबईत १८६०च्या सुमारास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या.

विहारचे पाणी

मुंबई हे बेट. चारी बाजूंनी समुद्र आणि पिण्याला विहिरी व तळी. १८५४ साली पाऊस कमी पडला आणि शहराची दैना झाली. त्यानंतर हेन्री कोनिबेअर या इंजिनियरची योजना हाती घेण्यात आली. साष्टीत मिठी नदीच्या उगमाकडे विहार येथे मातीचे बांध घालून तलाव करायचा आणि तेथून सुमारे १४ मैल लांबीच्या, ३२ इंच व्यासाच्या ओतीव लोखंडी नळाने पाणी शहरात आणायचे. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली पाणी आले. वाटेत पंप नव्हता. पाणी आपल्या उंचीनेच चालत येत होते. आपल्या प्रयोगातली बादली म्हणजे विहार, नळी म्हणजे तो लोखंडी नळ.

तेव्हाच्या आकड्यांवर मुलांना एक गणित घालता येईल. विहारमधून सुरुवातीला दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी मिळे. १८६४च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या भरली ८,१६,५६२. दरडोई किती? जेमतेम ३९ लिटर. आज खेड्यातल्या माणसाला दिवसाला किमान ५५ लिटर पाणी मिळावे, असे शासनाचे जलजीवन मिशन (२०१९) म्हणते. म्हणजे नळ आला त्या दिवसापासूनच पाणी कमी होते. आणि त्याच शहरात, त्याच वर्षांत, चौकात कारंजे उभे राहिले!

फ्लोराची गोष्ट

पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेसाठी एक कारंजे योजले होते. आज त्या बागेला आपण जिजामाता उद्यान किंवा राणीची बाग म्हणतो. कर्सेटजी फर्दूनजी पारेख या पारशी गृहस्थांनी त्यासाठी २०,००० रुपये दिले. एकूण खर्च ४७,००० रुपयांवर गेला. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुविशारदाचा आणि मूर्तिकाम जेम्स फोर्सिथ यांचे. दगड इंग्लंडहून बोटीने आला. वर सुमारे सात फुटांची फ्लोरा म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवता. कारंजे उभारल्याचे साल बहुतेक ठिकाणी १८६४ असे दिलेले आढळते.

त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी जुन्या किल्ल्याच्या भिंती पाडायला घेतल्या होत्या. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा चर्चगेट नावाचा दरवाजा जेथे होता, तेथे मोठा चौक मोकळा झाला. बागेतले कारंजे मग या चौकात आले. त्याला फ्रिअर यांचे नाव द्यायचे घाटत होते, पण शेवटी देवीचेच नाव राहिले.

दगडाविषयी थोडे सांगायला हवे, कारण रसायनशास्त्राच्या तासाला ते उपयोगी पडेल. हा पोर्टलंड दगड म्हणजे चुनखडक. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल याच दगडाचे आहे. जुरासिक काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी तो तयार झाला. आपला वऱ्हाडचा काळा दगड मात्र ज्वालामुखीतल्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्ट. दोन्हींवर लिंबाचा रस टाकून पाहिला तर चुनखडक फसफसतो, बेसाल्ट गप्प राहतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि गाड्यांच्या धुरात चुनखडक झिजतो. त्यावर वेळोवेळी पांढरा तेलरंग फासला गेला. त्याने बाहेरून चकाकी आली, पण दगडात मुरलेले पाणी आतच कोंडले. अलीकडच्या जीर्णोद्धारात हे रंगाचे थर काढावे लागले.

पैसा कुठून आला?

आता दुसरी गोष्ट, मोकळा पैसा. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. भाव काही पटींनी वाढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्सचा सट्टा झाला. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ला अनेकांची दिवाळी दिवाळखोरीत निघाली. फ्लोराचे साल या चार वर्षांच्या बरोबर मध्ये येते.

हा कापूस पिकत कुठे होता? खानदेशात, गुजरातेत, धारवाडकडे आणि आपल्या वऱ्हाडात. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला होता. तेथल्या काळ्या जमिनीवर मँचेस्टरचा डोळा होता. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा माल कलकत्त्याकडे रवाना केला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटले आहे. १८६७ साली मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. तेव्हा खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी पेठ होती. बडनेऱ्याहून अमरावतीला जो फाटा जातो, तोही मुख्यतः कापसासाठीच.

येथे सावधपणे बोलायला हवे. फ्लोराला दिलेले वीस हजार रुपये वऱ्हाडच्या कापसाचे होते, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण ज्या वाऱ्यावर त्या काळातली मुंबई वाढली, त्या वाऱ्यात आपल्या बोंडांची सरकी काढलेली रुई होती, एवढे खात्रीने म्हणता येते. कापूस तिकडे गेला. पाण्याची सोय मात्र त्या वेगाने इकडे आली नाही. १८९९-१९००च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत त्याची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांपर्यंत घटली.

पाहायचे कारंजे आणि प्यायचे कारंजे

व्हिक्टोरियाच्या काळातली सगळीच कारंजी शोभेची नव्हती. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाच्या पाण्यातून पटकी पसरते, हे घराघरांतल्या मृत्यूंच्या नोंदी नकाशावर मांडून दाखवले. त्यानंतर चांगल्या पाण्याची मागणी वाढली. २१ एप्रिल १८५९ रोजी लंडनमध्ये स्नो हिल येथे, चर्चच्या भिंतीला लागून, पिण्याच्या पाण्याचे पहिले सार्वजनिक कारंजे सुरू झाले. सॅम्युअल गर्नी या खासदारांनी अशा कारंज्यांसाठी संस्थाच काढली होती. पुढे त्या संस्थेने गुरा-घोड्यांसाठी हौदही बांधले.

आपल्याकडे या कल्पनेला परका वास आला नाही, कारण पाणपोई आपल्याला ठाऊकच होती. वाटसरूला पाणी पाजणे हे पुण्य. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी इंग्रजी पद्धतीचे दगडी बांधकाम आणि आपली पाणपोई यांची सांगड घातली आणि 'प्याऊ' उभे केले. मशीद बंदरच्या भातबाजारात केशवजी नायक यांचे कारंजे आणि घड्याळाचा मनोरा १८७६चा. फोर्टमध्ये मुळजी जेठा कारंजे आहे, ते १८९०च्या दशकातले. कापडव्यापारी रतनसी मुळजी जेठा यांनी ते आपल्या लहान वयात वारलेल्या मुलाच्या, धरमसीच्या, स्मरणार्थ बांधले. माथ्यावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे. आराखड्यात व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा हात होता. राजा-राणीच्या नावाने उभारलेल्या कारंज्यांपेक्षा हे कारंजे आम्हाला जवळचे वाटते. मुलगा गेला, म्हणून बापाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाणी ठेवले.

पण 'सार्वजनिक' म्हणजे कोणाचे, हा प्रश्न नुसत्या बांधकामाने सुटत नाही. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला की, सरकारी पैशाने बांधलेल्या पाणवठ्यांवर सर्वांना मज्जाव नसावा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले झाल्याचे ठरवले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले. तिकडे वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आमच्या मते, आपल्या भागात सार्वजनिक पाण्याच्या इतिहासात कारंज्याची जागा या निर्णयाला द्यायला हरकत नाही. उडणारे पाणी नव्हते, पण ते चौकातले पाणी होते.

नळीला पडलेली भोके

आता फ्लोराकडे परत येऊ. विहारच्या नळावर वर्षागणिक नव्या तोट्या बसत गेल्या. आपल्या प्रयोगातली ती दोन भोके! शहराला पाणी आणि दाब दोन्ही कमी पडू लागले. १८७९ साली तुळशी तलाव झाला. तो विहारपेक्षा उंचावर आहे, म्हणून त्याचे पाणी मलबार हिलवरच्या टाकीपर्यंत चढू शकले. १८९२ साली तानसाचे पाणी आले. पुढे शहर वाढतच गेले आणि आणखी लांबून पाणी आणावे लागले.

कोणत्याही वाढत्या शहरात कारंजी का बंद पडतात, त्याचे एक कारण हेच आहे. नळाच्या दाबावर चालणारे कारंजे हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा दाबमापकच असतो. शहर तहानले की सर्वांत आधी तो खाली येतो. आजची बहुतेक कारंजी मात्र पंपावर चालतात. तेच पाणी हौदातून उचलून पुन्हा उडवले जाते. त्यामुळे कारंज्यावरून शहरातल्या पाण्याची स्थिती आता कळत नाही, विजेची कळते.

फ्लोराही अलीकडे बरीच वर्षे कोरडी होती. मुंबई महापालिकेने तिचा जीर्णोद्धार केला आणि जानेवारी २०१९मध्ये पाणी पुन्हा खेळू लागले. दरम्यान चौकाचे नाव बदलले होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर येथे गोळीबार झाला. त्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक कारंज्याशेजारीच आहे आणि चौक हुतात्मा चौक झाला. वऱ्हाडचा महाराष्ट्राशी काय संबंध राहावा, याचा पहिला करार १९४७च्या ऑगस्टमध्ये अकोल्यालाच झाला होता, याची येथे आठवण होते.

याच चौकापासून थोड्या अंतरावर भिखा बेहराम विहीर आहे. ती १७२५ सालची. समुद्र जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे. कारंजे येण्याआधी १३९ वर्षे ती होती, कारंजे कोरडे होते तेव्हाही तिला पाणी होते. सहलीला मुलांना फ्लोरा दाखवाल, तेव्हा ही विहीरही बाहेरून अवश्य दाखवा.

वऱ्हाडात कारंजे का नाही?

अमरावतीच्या पूर्वेला पोहऱ्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वडाळी आणि छत्री हे तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले. आज शहराला पाणी येते ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. अकोल्याला पाणी येते महानच्या काटेपूर्णा धरणातून. पाऊस कमी झाला की नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, हे अकोलेकरांना सांगायला नको.

अकोट-तेल्हाऱ्याकडे तर प्रश्न निराळाच. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. पाण्याचा निचरा मंद, ऊन कडक, त्यामुळे क्षार साचत गेले आणि भूगर्भातले पाणी खारे झाले. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. येथे हातपंप खोदला तरी तहान भागत नाही. सातपुड्यातल्या वान नदीच्या धरणाचे पाणी नळाने आणणारी ८४ खेडी योजना म्हणूनच या भागाला जिव्हाळ्याची. तीही उंचावरच्या बादलीची आणि लांब नळीचीच गोष्ट आहे. शेवटच्या गावाला पाणी का पोचत नाही, हे आपल्या प्रयोगातली दोन भोके सांगतात. शेवटचे गाव म्हणजे नळीचे टोक. वाटेत जो जो तोटी उघडतो, तो तो शेवटच्याची उंची कमी करतो.

त्या गुरुजींना तेव्हा द्यायला हवे होते, ते उत्तर आता आम्हाला असे सुचते. कारंजे आणायची गरज नाही. ते प्रत्येक नळात आहे, फक्त मोजायचे आहे. गवंड्याची तीच पारदर्शक नळी नळाच्या तोटीला घट्ट बांधा, तोटी पूर्ण सोडा आणि नळीचे दुसरे टोक उघडे ठेवून वर न्या. पाणी ज्या उंचीला स्थिर राहील, तेवढी तुमच्या नळातल्या पाण्याची उंची. घर्षण नसते तर तुमच्या अंगणातले कारंजे तेवढे उडाले असते. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक वातावरणाइतका दाब. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपल्या घरी, पाणी येण्याच्या वेळेला, एकाच आठवड्यात हे मोजावे आणि गावाच्या नकाशावर आकडे मांडावेत. टाकीजवळच्या आळीत किती, वेशीजवळच्या वस्तीत किती? डॉ. स्नो यांनी नकाशावर मृत्यू मांडले होते. आपण दाब मांडू.

शिबिराच्या शेवटच्या सकाळी आम्ही हे करून पाहिले. जेथे उतरलो होतो, तेथल्या अंगणातल्या नळाला नळी बांधली. पाणी माणसाच्या कमरेइतके चढले आणि तेथे थांबले. सगळे वाकून पाहत होते. इतक्यात शेजारी कुठे तरी टिल्लू पंप सुरू झाल्याचा आवाज आला. नळीतले पाणी भराभर खाली उतरले आणि तोटीच्याही खाली गेले. उघड्या टोकातून हवा आत ओढली जाऊ लागली. नळाला कान लावला तर सूं असा आवाज.

कोणी काही बोलले नाही. मग अकोटचे ते गुरुजीच म्हणाले, "म्हंजे हवा ओढते तसं नालीतलं पानीबी ओढत असंन."

तसेच असते. नळात दाब असतो तोपर्यंत फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला की त्याच सांध्यातून बाहेरची घाण आत येते. पावसाळ्यात गावात काविळीची, अतिसाराची साथ येते, तिचा एक रस्ता हा आहे. नळाला थेट मोटार लावणारा शेजाऱ्याचे पाणी पळवतो, एवढेच नाही. तो सगळ्यांच्या पाण्यात गटार ओढतो, आणि ते पाणी त्याच्याही घरात येते.

कारंजे किती उंच उडते, हा प्रश्न म्हणून शोभेचा नाही. आपल्या वर्गाची मोजमापे झाली की नकाशासह आम्हाला जरूर कळवा. वेशीजवळच्या वस्तीतले आकडे विसरू नका. ते सर्वांत आधी घ्या.